चाळीस कप्प्यांची आठवण

डॉ. बोबडेंनी फळ्यावर एकाला एक लागून सात चौकोन काढले आणि समोरच्या लोकांना विचारलं, "यातल्या पहिल्या चौकोनाला नंबर काय द्याल?"

"एक," सगळे म्हणाले.

"शून्य. इथून पुढे शून्यापासून मोजायचं. सुरुवातीला चुकेल, मग सवय होईल."

वर्गात कुणीच विद्यार्थी वाटावं अशा वयाचं नव्हतं. नागपूरच्या त्या रुग्णालयातल्या पेशंटचे नातेवाईक होते सगळे. कुणाची बायको, कुणाचा भाऊ. वैजयंती वानखडे शेवटच्या बाकावर बसली होती. अमरावतीत मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. आयुष्यभर फळ्याच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिल्यावर आज पलीकडे बसून तिला अवघडल्यासारखं होत होतं.

"हे ओळीनं लावलेले कप्पे," डॉक्टर सांगत होत्या. "सगळ्यांना मिळून नाव एकच. प्रत्येकाला नंबर आपापला. याला अ‍ॅरे म्हणतात. एका कप्प्यात एका वेळी एकच मूल्य राहतं. तिथे नवं ठेवलंत की जुनं गेलं, यंत्र तुम्हाला विचारत बसत नाही. आता समजा, प्रत्येक कप्पा उघडून आत काय आहे ते वाचायचंय. सात कप्पे असतील तर तीच आज्ञा सात वेळा लिहायची का? नाही. एकदाच लिहायची आणि यंत्राला सांगायचं, शून्यापासून शेवटापर्यंत एकेक कर, आणि संपलं की परत शून्यावर ये. याला लूप म्हणतात. तुमच्या माणसाच्या कानामागे जे बसवलंय त्यात एवढंच आहे. एक अ‍ॅरे आणि एक लूप."

तिचा माणूस त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसला होता, आणि आपण नागपूरला का आलो आहोत हे शेजारच्याला विचारत होता.

प्रफुल्ल वानखडे जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलत असताना त्यांची बोटं त्याच्या मागोमाग धावायची आणि कधी मागे राहायची नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, माणूस उठून घरी आला, लग्नातली गाणीसुद्धा त्याला पाठ होती. पण मेंदूतला नवी आठवण धरून ठेवणारा भाग जळून गेला होता. आत्ता घडलेलं जेमतेम चहा निवेपर्यंत टिकायचं. नात झाली ती त्यांच्या आजारानंतर महिनाभरानं. इरा. दर वेळी ते तिच्याकडे पहिल्यांदाच बघायचे आणि दर वेळी तेवढेच हरखायचे. पहिले काही महिने सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. मग मुलगी, ऋजुता, त्या वेळी खोलीतून बाहेर जायला लागली.

मग ही गुंडी आली. खरं नाव मोठं होतं, पण घरात सगळे गुंडीच म्हणायचे. कानामागे कातडीखाली बसवलेलं यंत्र आणि तिथून मेंदूत गेलेल्या केसाहून बारीक तारा. एखादी गोष्ट घडते तेव्हा मेंदूतल्या हजारो पेशी एका विशिष्ट क्रमानं चमकतात. तो क्रम म्हणजेच आठवणीचा ठसा. धडधाकट माणसाचा मेंदू तो ठसा झोपेत स्वतःशी पुन्हा पुन्हा गिरवतो आणि पक्का करतो. प्रफुल्लरावांचा मेंदू गिरवू शकत नव्हता, म्हणून ते काम गुंडी करायची. ठसा आकड्यांत उतरवून कप्प्यात ठेवायची आणि मग एकेक कप्पा ओळीनं मेंदूला ऐकवत राहायची. पहिला, दुसरा, तिसरा, शेवटपर्यंत, परत पहिला. जोवर फेरा चालू तोवर आठवण जिवंत. कप्पा रिकामा केला की काही तासांत ती गोष्ट कधी घडलीच नव्हती.

कप्पे चाळीस होते. त्याहून जास्त ठेवले तर फेरा लांबतो, आणि शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला पुसट होतो. फेरा जलद करावा तर मेंदूतल्या तारा तापतात. म्हणून चाळीस.

यंत्राचा कारखान्यातून आलेला नियम सरळ होता. कप्पे भरले की सगळ्यात जुनी आठवण जाणार आणि तिथे नवी बसणार. वैजयंतीला तो नियम पटला नाही. इराचं पहिलं पाऊल जाऊन तिथे गुरुवारी खाल्लेली भाजी बसणार, याला काय अर्थ होता? दुसरा मार्ग एकच होता. रोजच्या ठशांतले कुठले ठेवायचे आणि ते कुठल्या कप्प्यात, हे घरच्या माणसानं स्वतः लिहून द्यायचं. म्हणून ती भल्या सकाळच्या बसनं नागपूरला येऊन शून्यापासून मोजायला शिकत होती.

*

ती शिकली. सुरुवातीला तिचा लूप थांबायचाच नाही, नाहीतर एक कप्पा कमी वाचून परत यायचा. पण शिकवणाऱ्या माणसाला चुकांची लाज कमी वाटते. उन्हाळा संपेस्तोवर ती रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायला लागली. दिवसभराचे ठसे समोर यायचे. ठसा उघडून कुणालाही आत काय आहे ते बघता येत नव्हतं, ते नुसते आकडे होते. फक्त वेळ दिसायची. त्या वेळेला काय घडलं ते आठवून ती त्याला नाव द्यायची. इराचा वाढदिवस. चिखलदऱ्याचं धुकं. कोर्टातल्या मित्रांनी दिलेला निरोप. मग कप्प्याचा नंबर लिहायची.

प्रफुल्लराव बदलले. आता ते इराला ओळखून हाक मारायचे. इराला हिरवे वाटाणे आवडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. ऋजुता गावातच दातांचा दवाखाना चालवायची, ती संध्याकाळी मुलीला घेऊन यायला लागली, आणि आता ती खोलीतून बाहेर जात नसे.

वैजयंती लॅपटॉपवर बसली की ते शेजारी खुर्ची ओढायचे.

"काय करून राहिलीस?"

"तुमच्या आठवणी लावून ठेवतेय."

"मला सांग बरं, कशा लावतात?"

ती सांगायची. एकाच नावाचे चाळीस कप्पे, शून्यापासून मोजायचे, आणि हा लूप. दुसऱ्या दिवशी ते तोच प्रश्न विचारायचे आणि ती तेच उत्तर द्यायची. शाळेत तिनं वर्षानुवर्षं त्याच वाऱ्यांची तीच नावं सांगितली होती. तिला कंटाळा येत नव्हता. हे धडे कप्प्यात ठेवावेत असं तिला कधी वाटलं नाही. कप्पे मोलाचे होते.

मग एका संध्याकाळी तिचा लूप अडला. ती पडद्याकडे बघत बसली होती. प्रफुल्लरावांनी तिच्या हाताखालून बोट पुढे केलं.

"इथे चाळीस लिहिलंयस. शेवटचा एकोणचाळीस असतो ना."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"माहीत नाही. चुकल्यासारखं वाटलं." त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि तो सबंध लूप सरळ टाइप करून टाकला, साक्ष उतरवावी तसा, न थांबता. मग हात उचलून हातांकडेच बघत राहिले. "हे मी कुठे शिकलो?"

डॉ. बोबडेंना तिनं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना फार नवल वाटलं नाही. "घडलेल्या गोष्टी आणि हाताच्या सवयी मेंदू वेगवेगळ्या जागी ठेवतो. त्यांचा सवयींचा भाग शाबूत आहे. तुम्ही शिकवलेलं एकही वाक्य त्यांना आठवणार नाही, पण शिकवणी वाया गेलेली नाही. आणखी थोडे दिवस द्या. पुढे-मागे स्वतःचे कप्पे ते स्वतः सांभाळू शकतील. कायद्यानं आज कप्पे बदलायची किल्ली तुमच्याकडे आहे, कारण त्यांना वापरता येत नव्हती. वापरता आली तर ती त्यांची."

ती संध्याकाळ वैजयंतीनं मात्र कप्प्यात ठेवली. नाव दिलं, 'यांनी लूप लिहिला.'

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रविवार आला.

*

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तळ्याकाठी बाग होती. प्रफुल्लराव इराला तिथे घेऊन गेले. वैजयंतीनंच जाऊ दिलं होतं. इतके महिने सगळं सुरळीत होतं आणि नात हात धरून चालत होती. बागेत त्यांना कोर्टातले एक जुने वकील भेटले. दोघं बाकावर बसले, गप्पा रंगल्या. इरा घसरगुंडीकडे गेली. वकीलसाहेब निरोप घेऊन उठले, तोवर इरा प्रफुल्लरावांच्या मनातून निघून गेली होती. घडून काही मिनिटंच झालेल्या गोष्टी कप्प्यात नसतात. ते उठले आणि शांतपणे घरी आले.

दार ऋजुतानं उघडलं. "इरा कुठे आहे?"

"इरा? तुझ्याजवळ असेल."

ऋजुता अनवाणीच धावत सुटली. इरा तळ्याच्या पायऱ्यांपाशी सापडली. मक्याची कणसं भाजणारी एक बाई तिचा दंड घट्ट धरून बसली होती. पोरगी खालच्या पायरीवर उतरली होती, फ्रॉक कमरेपर्यंत ओला होता. बाईनं पोरगी ऋजुताच्या हातात दिली आणि मग स्वतः रडायला लागली.

त्या दिवशी प्रफुल्लरावांना सगळं सांगितलं गेलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि कितीतरी वेळ उठले नाहीत.

संध्याकाळी वैजयंती लॅपटॉप उघडून बसली. त्या दुपारचा ठसा समोर होता. नाव द्यायची जागा रिकामी होती. सगळे ठसे दुसऱ्या दिवशी पहाटे आपोआप पुसले जातात, ठेवलेले सोडून. तिनं त्याला नाव दिलं नाही. लॅपटॉप मिटला.

सकाळी प्रफुल्लराव गुणगुणत उठले आणि त्यांनी इराबद्दल विचारलं.

*

ऋजुता पूर्वीसारखी येत राहिली, पण आता इराला ती आजोबांजवळ एकटं सोडत नसे. ते बाहेर नेतो म्हणाले की ती काहीतरी कारण काढायची. ऊन आहे. सर्दी आहे. आम्हाला निघायचंय. पहिल्या काही वेळा प्रफुल्लराव गप्प बसले. पण नकार लहान असले तरी त्यातले काही वैजयंतीनं ठेवलेल्या संध्याकाळींमध्ये मिसळून कप्प्यांत गेले होते, आणि ते साठत गेले. कारण मात्र कुठल्याच कप्प्यात नव्हतं.

"पोरगी बदलली," एकदा ते म्हणाले. "मी आजारी आहे म्हणून नातीला माझ्यापासून दूर ठेवते. लाज वाटत असेल माझी."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

वैजयंती उठून स्वयंपाकघरात गेली.

मग एका संध्याकाळी इरा त्यांच्या मांडीवर बसली होती आणि ऋजुता तिला उतरवायला आली, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "राहू दे गं. तू डॉक्टर झालीस म्हणून बाप परका झाला का?"

ऋजुता आईच्या मागे स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"आई, तू त्यांना ते दिलंच नाहीस ना?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय. मी स्वतः त्यांना दोनदा सांगितलं. तू घरी नव्हतीस तेव्हा. दोन्ही वेळा ते रडले, माझा हात धरून माफी मागितली. आणि दुसऱ्या दिवशी मी आले की पुन्हा तेच, पोरगी बदलली. दोनदा माफी मिळाली मला, आणि दोन्ही वेळा ती मी एकटीनंच घरी नेली."

"मला सांगायचं होतंस. मी ठेवलं असतं."

"ठेवलं असतंस?"

वैजयंती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, ऋजू. जे चाळीस तुकडे उरलेत त्यात मी तळ्याची पायरी घालू?"

"तू त्यांना जपतेस, मला कळतं. पण त्यांच्या डोक्यात मी कोण आहे याचा विचार कर. ते रोज उठतात आणि त्यांना एक वाईट मुलगी असते. ती मी नाही. ती तू लिहिलीस."

हे ती रागानं बोलली असती तर वैजयंतीला उत्तर देता आलं असतं. ती थकून बोलली होती. बाहेर इरा आजोबांना विचारत होती की आई आणि आजी काय करत आहेत, आणि आजोबा म्हणत होते, "भांडी घासून राहिल्या."

*

दुसऱ्या दिवशी तिनं प्रफुल्लरावांना समोर बसवलं आणि तो रविवार सांगितला. काहीही न गाळता. वकील, बाक, दार उघडणारी ऋजुता, ओला फ्रॉक. मग तिनं त्यापुढचंही सांगितलं. आपण संध्याकाळी लॅपटॉप मिटला ते, आणि ऋजुतानं त्यांना दोनदा सांगितलं होतं तेही.

प्रफुल्लरावांनी विचारलं,

"मूळचा ठसा?"

"गेला. आता कुठेच नाही. मी आत्ता सांगितलं तेवढंच राहील, राहिलं तर."

"आणि ऋजूनं मला सांगितलं, ते?"

"तेही नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीस वर्षं मी साक्षी उतरवल्या. लोक काय काय बोलायचे. बाप मुलांविरुद्ध, बायका नवऱ्यांविरुद्ध. हात थांबायला पाहायचा कधी कधी. पण ऐकवत नाही म्हणून मी एक शब्द गाळला नाही. वैजू, माझ्याच साक्षीतलं तू गाळलंस."

"हो," ती म्हणाली.

"मला वाचवायला."

"हो. आणि थोडं मलाही. तुम्ही सकाळी गाणं म्हणत उठता ते मला हवं होतं."

ते उठून खिडकीपाशी गेले. परत आले. आता विसरले असतील, असं तिला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची तिची तिलाच चीड आली. पण ते विसरले नव्हते. स्वतःशी पुटपुटत ते ती गोष्ट जागती ठेवत होते. पायरी, फ्रॉक, ऋजू. पायरी, फ्रॉक, ऋजू.

"आत्ताचा हा ठसा कप्प्यात जाऊ दे. मी तुझ्यासमोर घालतो. मला येतं म्हणतेस ना?"

"कप्पे भरलेत. एक काढावा लागेल."

तिनं नावं वाचून दाखवली. 'यांनी लूप लिहिला' आलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं.

"हे."

"ते नको," ती पटकन म्हणाली.

"ते माझ्या बोटांत आहे. डोक्यात कशाला हवं?"

त्यांनी कीबोर्ड ओढला. कप्प्याचा नंबर, बरोबरचं चिन्ह, नवा ठसा. एकच ओळ. जुनं गेल्याचा कसलाही आवाज झाला नाही.

*

फोनवर डॉ. बोबडेंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर केलंत. पण एक सांगायला हवं. आपण एखादी दुःखाची गोष्ट आठवतो तेव्हा ती जशीच्या तशी बाहेर येऊन तशीच परत आत जात नाही. आठवताना ती जरा मऊ होते. आजचं काहीतरी तिला चिकटतं आणि ती थोडी वेगळी होऊन परत साठवली जाते. दुःख जुनं होतं ते असं. वानखडेंचा मेंदू परत साठवू शकत नाही. गुंडी त्यांना तोच पहिला ठसा ऐकवत राहणार. त्यांची ही गोष्ट जुनी होणार नाही."

तसंच झालं. प्रफुल्लराव रोज सकाळी उठायचे ते नुकतंच कळल्यासारखे. चेहरा उतरलेला. दात घासायच्या आधी ऋजुताला फोन, "इरा घरी आहे ना?" दुपारी पुन्हा. ऋजुताशी त्यांचं वागणं बदललं होतं, त्यात शंका नव्हती. ती आली की ते उठून उभे राहायचे, तिच्या हातातली पिशवी घ्यायचे. पण इराला जवळ घेईनात. ती मांडीवर चढायला आली की हात मागे न्यायचे. जेवण कमी झालं. गाणं तर बंदच झालं.

"आई, हे मला नको होतं," ऋजुता म्हणाली. "त्यांनी मला ओळखावं एवढंच हवं होतं."

किल्ली अजून वैजयंतीकडे होती. एका दुपारी प्रफुल्लराव झोपले असताना तिनं लॅपटॉप उघडला आणि तो कप्पा समोर आणला. एक ओळ लिहायची होती. संध्याकाळी ते गुणगुणत उठले असते, आणि त्यांना कधी कळलंही नसतं की काही होतं. पण तिनं ओळ लिहिली नाही. नागपूरला फोन लावला आणि विचारलं, "त्यांचा मेंदू परत साठवू शकत नाही. मग आपण साठवू शकतो का?"

"म्हणजे?"

"गोष्ट काढायची नाही. तोच कप्पा, तीच गोष्ट. पण ती आठवताना आजचं काहीतरी तिला चिकटलं, की तो नवा ठसा जुन्याच्या जागी ठेवायचा. तुमचं आमचं जे आपोआप होतं ते हातानं करायचं."

पलीकडे कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "करून बघता येईल," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "ठसा उठताना त्यांच्या मनात जुनी गोष्ट पूर्ण जागी हवी. आणि ती हलकी करणारं जे काही आहे, ते खरं हवं. नाटक करून चालणार नाही."

किल्ली त्यांच्या नावावर करण्याचा अर्जही तिनं त्याच आठवड्यात केला. प्रफुल्लरावांची परीक्षा झाली. त्यांना तीन लूप लिहायला सांगितले, त्यांनी तिन्ही लिहिले, आणि लूप म्हणजे काय असं विचारल्यावर माहीत नाही म्हणाले. डॉ. बोबडे हसल्या आणि त्यांनी सही केली.

*

ऋजुताला वैजयंतीनं एवढंच सांगितलं की बाबांना आणि इराला घेऊन बागेत जा, आणि जे बोलावंसं वाटेल ते बोल. तिघं पुढे गेले. वैजयंती फाटकापाशी थांबली. तिथून तिला बाक दिसत होता, शब्द ऐकू येत नव्हते.

बागेत शिरताच प्रफुल्लरावांची पावलं जड झाली. तळं दिसल्यावर ते थांबलेच. ऋजुतानं त्यांना बाकावर बसवलं. ती काय म्हणाली ते वैजयंतीला नंतर तिच्याकडूनच कळलं.

"बाबा, त्या दिवशी मी तुमच्यावर फार ओरडले."

"ओरडायलाच पाहिजे होतं."

"मला अजून भीती वाटते. आता वाटत नाही असं मी म्हणणार नाही. रस्त्यानं चालताना मी इराचा हात इतका घट्ट धरते की ती ओरडते. पण तुमचा राग येत नाही. खरं तर राग होता तो वेगळाच होता. तुम्ही आजारी पडलात याचा होता. तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं."

प्रफुल्लराव पायऱ्यांकडे बघत होते. "मी तिला विसरलो, ऋजू. दुसरं काही विसरलो असतो तर चाललं असतं."

"तुम्ही तिला विसरला नाहीत. त्या दुपारी ती तुमच्याबरोबर होती, हे विसरलात. दोन्हींत फरक आहे, बाबा. मला तो कळायला वेळ लागला."

इरा घसरगुंडीवरून उतरून त्यांच्यापुढे आली. "आबा, चला ना."

त्यांचे हात मागे गेले. मग त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "तू पण चल. मी एकटा नेणार नाही. तू परवानगी दिलीस तरी नाही."

"मी येतेच आहे," ती म्हणाली.

तिघं घसरगुंडीकडे गेले. इराचा एक हात त्यांच्या हातात होता आणि दुसरा ऋजुताच्या. फाटकापाशी उभ्या असलेल्या वैजयंतीला त्यांच्या पाठी दिसत होत्या. तिला पुढे जावंसं वाटलं, पण ती गेली नाही.

घरी आल्यावर प्रफुल्लरावांनी लॅपटॉप स्वतः उघडला. वैजयंती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला भाजी निवडत बसली. आता पडदा त्यांच्याकडे होता. बोटं चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. बागेतला ठसा त्यांनी त्याच कप्प्यात ठेवला असेल असं तिला वाटत होतं, पण ते तिला दिसत नव्हतं. शिवाय दिवसाचे इतरही ठसे होते. त्यातलं त्यांनी काय घेतलं, काय सोडलं, आणि घेतलं त्यासाठी आणखी काय काढलं, हेही तिला माहीत नव्हतं.

गेले कित्येक महिने तिला नवऱ्याच्या डोक्यातली प्रत्येक वस्तू जागेसकट पाठ होती. त्याआधीची सगळी वर्षं मात्र ती याच टेबलापाशी त्याच्यासमोर बसली होती आणि तो दिवसातलं काय जपतो, काय सोडून देतो, हे तिला कधी कळलं नव्हतं. तेव्हा त्याची कधी खंतही वाटली नव्हती.

"मघाशी तू फाटकापाशीच का उभी राहिलीस?" प्रफुल्लरावांनी पडद्यावरून मान वर करून विचारलं.

"तुम्हा दोघांना बोलता यावं म्हणून."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा पडद्याकडे वळले आणि एक ओळ लिहिली. मग लॅपटॉप मिटून तिच्यापुढची अर्धी भाजी स्वतःकडे ओढून घेतली. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही.